शाळेच्या कायद्यात ही एक ओळ हवी

गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीतला सातवीतला एक मुलगा शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना कोसळला. पाठलाग करता करता खांबापाशी आला, वळला आणि तोंडावर पडला. मुलांना आधी वाटले, पाय घसरला. मग हातापायांना झटके आले तेव्हा सगळे ओरडले, "फिट आली!" कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा आणायला स्वयंपाकघराकडे धावले, कोणी नाकाशी चप्पल धरली. गणित शिकवणाऱ्या ज्या सरांकडे त्या दिवशी खेळाचा तास होता, ते रिक्षा आणायला रस्त्यावर धावले. १०८ ला फोन लागेपर्यंत रिक्षा निघून गेली होती. रुग्णालयात डॉक्टरांनी तपासले आणि इथे आणण्यापूर्वीच तो गेला असे सांगितले. मैदानापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. त्या वेळात त्याला उचलणारे, हलवणारे, हाका मारणारे पुष्कळ होते. त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबणारे कोणी नव्हते.

जलदान विधीच्या दिवशी ते सर विहारात आले आणि सर्वांत मागे बसले. शेवटी उठून एवढेच म्हणाले, "वीस वर्षे मी शाळेत आहे. मूल असे पडले तर काय करायचे, हे मला कोणी कधी शिकवले नाही." मुलाची आई शांतपणे म्हणाली, "मग सर, तुम्हाला शिकवायचे होते कोणी?"

या प्रश्नाचे उत्तर विहारात कोणापाशी नव्हते. आमच्यापाशीही नव्हते. ते शोधत गेलो तेव्हा जे हाती लागले ते या महिन्याच्या आरोग्य पानावर मांडत आहोत. छाती दाबली असती तर तो मुलगा वाचलाच असता, असा आमचा दावा नाही. तसे कोणीच सांगू शकत नाही. पण त्याला वाचण्याची जी संधी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, एवढे नक्की. आणि ती न मिळण्याचे कारण एका सरांच्या अज्ञानात नाही. ते कायद्यातल्या एका रिकाम्या जागेत आहे.

हृदय बंद पडते तेव्हा

आपल्याकडे 'हार्ट अटॅक' हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. खरे तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते तो हार्ट अटॅक. त्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते, घाम येतो. हृदयाची धडधड अचानक थांबते किंवा ते नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलत नाही, तेव्हा 'कार्डियाक अरेस्ट' होतो. म्हणजे हृदय बंद पडते. माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. श्वास थांबतो किंवा मासा पाण्याबाहेर करतो तसे तुटक आचके येतात. सुरुवातीला झटकेही येऊ शकतात, म्हणून लोक त्याला फिट समजतात आणि मोलाची मिनिटे कांद्याच्या वासात घालवतात.

मुलांमध्ये हे क्वचित घडते, पण घडते. काहींच्या हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असतो, काहींच्या हृदयातल्या विजेच्या प्रवाहात दोष असतो. कधी साध्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते. कधी छातीवर जोरात चेंडू बसतो, कधी उघड्या वायरचा शॉक लागतो. लहान मुलांत बुडणे, घास अडकणे अशा कारणांनी आधी श्वास आणि मग हृदय थांबते.

कारण कोणतेही असो, पुढचा हिशेब सारखाच आहे. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार-पाच मिनिटांत त्याला इजा होऊ लागते. हृदय नुसते थरथरत असेल आणि कोणीच काही केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत आणि आम्हाला तिचा आदर आहे. पण कोणतीही रुग्णवाहिका चार मिनिटांत प्रत्येक शाळेच्या दारात येऊ शकत नाही. ही चार मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाचीच असतात.

त्या माणसाने करायचे ते अवघड नाही. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, असे दिसले की एकाने १०८ लावायचे आणि फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने मुलाला कडक जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. मोठ्या माणसाची छाती साधारण पाच सेंटिमीटर, मुलाची छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खाली गेली पाहिजे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मदत येईपर्यंत थांबायचे नाही, दमल्यावर दुसऱ्याने हात द्यायचे. यालाच सीपीआर म्हणतात. शिकलेल्या माणसाने तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, मुलांसाठी ते विशेष महत्त्वाचे आहेत. श्वास देता येत नसेल तर नुसते दाबणेही काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगले. जोडीला एईडी नावाचे पेटीएवढे यंत्र असेल तर ते छातीवरच्या पट्ट्यांतून हृदयाची लय तपासते, पुढे काय करायचे ते आवाजात सांगते आणि गरज असेल तरच विजेचा झटका देते. ते वापरायला डॉक्टर असावे लागत नाही.

कारखान्याला आहे, शाळेला नाही

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. सरांना शिकवायचे होते कोणी?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. कामाचे तास असोत की खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांचे बाळंतपण, कामगाराचा जीव मालकाच्या मर्जीवर सोडायचा नाही, तो कायद्यात लिहून ठेवायचा, ही त्यांची रीत होती. त्याच वाटेने पुढे १९४८ चा कारखाने कायदा आला. त्या कायद्याच्या कलम ४५ ने सांगितले की दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी. ती पेटी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र हवे आणि कामाच्या वेळेत तो हजर हवा. पाचशेहून अधिक कामगार असतील तर उपचाराची वेगळी खोली हवी. २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेतही प्रथमोपचार पेटी राहिली आहे.

या तरतुदीच्या शेजारी २००९ चा शिक्षण हक्क कायदा ठेवून पाहा. शाळा कशी असावी याचे निकष त्याच्या परिशिष्टात दिले आहेत. वर्गखोल्या, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, कुंपण, ग्रंथालय, मैदान, खेळाचे साहित्य. हे सगळे हवेच होते आणि ते कायद्यात आले याचा आम्हाला आनंद आहे. पण त्या यादीत प्रथमोपचार हा शब्द नाही. प्रशिक्षित माणूस नाही. मूल कोसळले तर कोणी काय करायचे, याचा उल्लेख नाही. कायदा मुलाला मैदान देतो, चेंडू देतो, आणि मैदानावर ते पडले तर गप्प बसतो.

दीडशे प्रौढ कामगारांमागे शिकलेला माणूस हवा हे १९४८ मध्ये कळलेल्या देशाला, पाचशे लेकरांच्या शाळेत तो हवा हे अजून कळलेले नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर हेच: सरांना शिकवण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नव्हती.

मग आमची मागणी काय? परिशिष्टात ही एक ओळ घाला: 'प्रत्येक शाळेत शाळेच्या वेळेत प्रथमोपचार व सीपीआरचे प्रशिक्षण घेतलेल्या किमान दोन व्यक्ती हजर असतील, आणीबाणीत कोणी काय करायचे याचा लेखी आराखडा असेल आणि वर्षातून दोनदा त्याची तालीम होईल.' यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही. याच कायद्याच्या कलम २० ने परिशिष्टात निकष घालण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे दिलेला आहे. इच्छा असेल तर एका अधिसूचनेचे काम आहे.

हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे, हे आम्ही जाणतो. नववी ते बारावीचे वर्ग, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे, अनुसूचित जातींसाठीच्या निवासी शाळा, आदिवासी विकास खात्याच्या आश्रमशाळा यांच्यासाठी राज्य सरकारने शासन निर्णय काढावा. तिथे आमची मुले रात्रंदिवस असतात. रात्री दोन वाजता मूल कोसळले तर तिथे फक्त गृहपाल आणि चौकीदार असतात. म्हणून शिकवण्याची सुरुवात तिथूनच व्हावी.

हात लावायची भीती

आणखी एक अडचण सरांनी नंतर आम्हाला सांगितली. "समजा मी छाती दाबली असती, बरगडी मोडली असती आणि मूल गेलेच असते, तर लोकांनी मला सोडले असते का?" ही भीती खोटी नाही. पोलीस, जबाब, कोर्टाच्या खेपा यांच्या धाकाने किती माणसे नुसती पाहत उभी राहतात, हे आपण रस्त्यावर रोज पाहतो.

रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तसे निर्देश कायम केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, असे ते कलम सांगते. पण ते वाहन अपघातापुरते आहे. मैदानावर, वर्गात, वसतिगृहात छाती दाबणाऱ्यासाठी तितके स्पष्ट कलम नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३० सद्हेतूने, समोरच्याच्या हितासाठी केलेल्या कृतीला गुन्हा मानत नाही, हा आधार आहेच. पण तो कोर्टात बाजू मांडताना कामाचा. मैदानावर उभ्या असलेल्या घाबरलेल्या शिक्षकाला आधीच ठाऊक असावा असा स्पष्ट शब्द हवा. रस्त्यावरच्या मदतगाराला जे संरक्षण आहे ते शाळेतल्या मदतगारालाही द्या, ही आमची दुसरी मागणी.

ज्यांनी केले त्यांचे काय झाले

डेन्मार्क हा छोटा देश आहे. तिथे २००५ पासून शाळेत सीपीआर शिकवणे सक्तीचे झाले. वाहन परवाना घेणाऱ्यांनाही शिकवू लागले, ठिकठिकाणी एईडी बसवले. २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांना आजूबाजूच्या माणसाकडून सीपीआर मिळत होता. २०१० पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या जवळ गेले. तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर गेले, म्हणजे तिप्पट झाले. हे सगळे केवळ शाळांमुळे झाले असे तिथले संशोधकही म्हणत नाहीत, अनेक उपाय एकदम केले गेले होते. पण शिकलेली माणसे वाढली आणि हात पुढे आले, हे उघड आहे. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिश्चन एरिक्सन सामना चालू असताना कोसळला, तो साऱ्या जगाने पाहिला. मैदानावरच सीपीआर आणि झटका मिळाला. तो वाचला, आणि पुढे पुन्हा खेळला.

अमेरिकेत २ जानेवारी २०२३ ला डमार हॅमलिन हा खेळाडू सामन्यात छातीवर मार बसून कोसळला आणि मैदानावरच्या उपचारांनी वाचला. त्यानंतर शाळांतल्या तयारीच्या मागणीला जोर आला आणि २०२४ च्या अखेरीस शाळांमध्ये सीपीआर व एईडी प्रशिक्षणाला मदत करणारा केंद्रीय कायदा तिथे झाला. इंग्लंडमध्ये २०२० पासून माध्यमिक शाळांत सीपीआर शिकवतात. बारा वर्षांवरील मुलांना वर्षातून दोन तास सीपीआर शिकवावा, या आवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच पाठिंबा दिला आहे.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. केंद्र सरकारने एका दिवसात देशभर सीपीआर शिकवण्याचा कार्यक्रम घेतला, त्यात वीस लाखांहून अधिक लोक सहभागी झाल्याचे जाहीर केले. तो दिवस होता ६ डिसेंबर २०२३. त्याच दिवशी आपले लाखो लोक चैत्यभूमीवर रांगेत उभे होते. आम्ही त्या कार्यक्रमाचे स्वागतच करतो. पण मोहीम एका दिवसाची असते आणि शाळा कायद्यानेच वर्षाला किमान दोनशे ते दोनशेवीस दिवस भरते. मोहिमेत कोण आले, कोण राहिले याची जबाबदारी कोणावर नसते. ज्या मुलाच्या सरांनी त्या दिवशी सुट्टी घेतली, त्या मुलाचे काय? हक्क नशिबावर सोडता येत नाही.

'आधी छप्पर दुरुस्त करा'

आमच्याच चर्चेत काहींनी आक्षेप घेतले. ते टाळण्यासारखे नाहीत.

पहिला: शाळेचे छप्पर गळते, एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आहेत, आणि तुम्ही लाखाचे यंत्र मागता? आम्ही आधी यंत्र मागत नाही. आमच्या ओळीत ते नाहीच. आधी हात मागतो. छाती दाबायला शिकवण्यासाठी लागतात दोन-तीन तास, एक पुतळा आणि शिकवणारा. एईडीची किंमत एक लाख रुपयांच्या आगेमागे असते, त्याच्या पट्ट्या आणि बॅटरी ठराविक काळाने बदलाव्या लागतात. म्हणून ते टप्प्याटप्प्याने यावे: आधी निवासी शाळा, मोठ्या पटाच्या शाळा आणि क्रीडा स्पर्धा भरतात ती मैदाने. जे कुलूपबंद कपाटात राहील ते यंत्र आणूच नये.

दुसरा: शिक्षकांवर आधीच निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे लादली आहेत, त्यात हे आणखी एक? शिक्षकांची ही तक्रार खरी आहे आणि आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. पण मूल वाचवणे हे अशैक्षणिक काम नाही. आणि प्रशिक्षित व्यक्ती शिक्षकच असावी असे नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, शिपाई, नववी-दहावीची मुले, यांतून कोणीही असू शकते.

तिसरा: मुलांमध्ये हे इतके क्वचित घडते, मग एवढा खटाटोप कशाला? कारण शाळेत फक्त मुले नसतात. पालक येतात, आजोबा नातवाला न्यायला येतात, निवडणुकीत अख्खे गाव मतदानाला तिथेच येते. आणि शाळेत शिकलेले मूल संध्याकाळी घरी जाते. भारतात दर चार मृत्यूंपैकी एकाहून अधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होतात. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडते ते बहुतेक वेळा घरीच. सफाईचे काम करणारा, हमाली करणारा, रात्रपाळी करून आलेला बाप घरात कोसळतो तेव्हा जवळ कोण असते? बायको आणि मुले. शाळेत शिकवलेले दोन हात त्या खोलीत पोहोचलेले असले पाहिजेत.

पडण्याआधीचे हृदय

कोसळल्यावर धावणे हा शेवटचा उपाय झाला. त्याआधी शाळेतच पुष्कळ काही करता येते, आणि त्यात आपल्या वस्त्यांचा प्रश्न अधिक जवळून येतो.

रुमॅटिक हृदयरोग हा दाटीवाटीचा आणि गरिबीचा आजार आहे. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, एकाचा घसा दुसऱ्याला लागतो. विशिष्ट जंतूंमुळे सुजलेल्या घशाकडे दुर्लक्ष झाले तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. ते बरे होते आणि घरचे विसरून जातात. पण आत हृदयाच्या झडपांना इजा झालेली असू शकते. मुख्यतः पाच ते पंधरा या वयात, म्हणजे नेमके शाळेच्या वयात हे घडते. अनेक मुलींच्या बाबतीत ते लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणात धाप लागल्यावर उघडकीला येते. यावरचे औषध साधे आणि स्वस्त आहे. घशाचा संसर्ग वेळेत बरा करणे, आणि एकदा हा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टर सांगतील तितकी वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन न चुकवणे.

हे शोधण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली. जन्मजात हृदयदोष आणि रुमॅटिक हृदयरोग दोन्ही त्याच्या यादीत आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा पथकाने यायचे असते. दोष आढळला तर पुढचे उपचार मोफत आहेत. कार्यक्रम चांगला आहे. पण आम्ही एका घरी दप्तरात महिनोन्महिने पडलेली चिठ्ठी पाहिली आहे, मुलीच्या हृदयात वेगळा आवाज येतो, जिल्हा रुग्णालयात दाखवा, असे लिहिलेली. आईचे उत्तर होते, "एका खेपेला दोन दिवसांची मजुरी जाते, आणि पोरगी तर हसतेय-खेळतेय." तपासणी मोफत आणि तिथवर पोहोचणे विकतचे, अशी ही गत आहे. म्हणून तिसरी मागणी: चिठ्ठी दिलेले प्रत्येक मूल रुग्णालयात पोहोचले की नाही याची नोंद शाळेने आणि आरोग्य खात्याने ठेवावी, आणि प्रवासखर्च व बुडालेली मजुरी पालकाला मिळावी.

पालकांनी मात्र कायद्याची वाट पाहू नये. धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडणे, श्रमाने छातीत दुखणे, बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर धाप लागणे, ओठ-नखे निळसर होणे, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडू नका. अंगारा-धुपारा तर नकोच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात चप्पल हुंगवण्याचा उपाय कसा टिकून आहे, हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे.

आपण काय करू शकतो

मागण्या सरकारकडे आहेत, पण हाताशी असलेले अधिकारही कमी नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. सरकारी शाळांत शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. पुढच्या बैठकीत आपल्या माणसाने चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या दोघांना प्रशिक्षण देणार, १०८ ला फोन कोण करणार, फाटकापाशी रुग्णवाहिकेला वाट दाखवायला कोण थांबणार, आणि तालीम कोणत्या तारखांना होणार. याला पैसे लागत नाहीत. इतिवृत्तात लिहून सह्या झाल्या की पुढच्या वर्षी जाब विचारता येतो.

ग्रामसभेत ठराव मांडा. आपल्या आमदार-खासदारांना कलम २० ची आठवण करून देणारे निवेदन द्या. शिकवायला जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला, रेड क्रॉसला किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सला पत्र लिहा.

आणि विहार? वर्षावासात तीन महिने आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यातला एक रविवार वंदनेनंतर सीपीआरसाठी ठेवू या. प्रशिक्षणाचा पुतळा मिळेपर्यंत घट्ट उशीवर सराव करता येतो. जिवंत माणसाच्या छातीवर मात्र सराव कधीही करायचा नाही. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेतून काढून प्रशिक्षणाच्या पुतळ्यासाठी ठेवला तर मिरवणुकीचा आवाज थोडा कमी होईल, पण १४ एप्रिलनंतरही वस्तीच्या कामी येईल असे काहीतरी उरेल. करुणा ही फक्त मनात ठेवायची भावना नाही. तिला हात असावे लागतात, आणि ते हात शिकलेले असावे लागतात.

कायदा झाला की सगळे होईल, असे मानण्याचा भाबडेपणा आपल्याला परवडणारा नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यापर्यंत चालत जावे लागले, तेव्हा कुठे ते पाणी ओंजळीत आले. कागदावरची ओळ हवीच, तिच्याशिवाय जाब विचारता येत नाही. पण त्या ओळीपासून मैदानापर्यंतचे अंतर आपल्यालाच चालावे लागते.

ते सर आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांना उशीवर छाती दाबायला शिकवतात. आधी स्वतः एका वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन शिकून आले, पदरचे भाडे खर्च करून. त्या मुलाची धाकटी बहीण याच शाळेत पाचवीत आहे. तिच्यासाठी तरी हे काम एका भल्या माणसाच्या शनिवारवर अवलंबून राहू नये. तो तिचा हक्क व्हावा.

जय भीम.